चावता येऊ दे

रविवारी सकाळी अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर सहा कवळ्या मांडून ठेवल्या होत्या. स्टीलच्या ट्रेमध्ये, पांढऱ्या रुमालावर, ओळीनं. सगळ्या गेल्या दीड महिन्यात गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या. मुलांना बागेत पिटाळलं होतं, सगळ्यांना फोन बंद करायला लावलं होतं, आणि अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाच्या टोकाला बसले होते.

दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात एखाद्यानं त्या कवळ्या उचलून उजेडात धरल्या असत्या, दाढा तपासल्या असत्या, प्लास्टरच्या पोत्यावरची तारीख तरी पाहिली असती. या घरात असल्या उथळ गोष्टींना थारा नव्हता. कवळी बसली नाही म्हणजे घरात कुणाची तरी श्रद्धा ढिली झाली, आणि ती कुणाची ते हुडकून काढायचं. बैठक त्यासाठी होती.

मुळात प्रकार अगदी साधा होता. घराखालचा हा कवळ्यांचा कारखाना काढला अप्पांच्या वडिलांनी. मेणात दात बसवून झाले की कवळी पितळी डब्यात प्लास्टरखाली बंद करण्याआधी ते तिच्याकडे बघून एक वाक्य म्हणायचे, "याला चावता येऊ दे." गिऱ्हाईक बाई असेल तर "हिला." बस्स, एवढंच. कुणाला उद्देशून म्हणायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. मग डबा बंद, स्क्रू घट्ट, आणि उकळत्या पाण्यात रवानगी.

अप्पांच्या हाती आल्यावर ते वाक्य वाढीला लागलं. आधी डोळे मिटणं आलं. डोळे मिटण्याआधी हात धुणं आलं, हात धुण्याआधी पंखा बंद करणं आलं, आणि पंखा बंद असताना कुणी खोकायचं नाही हेही आलं. थोरल्या मुलानं बाहेरच्या खोलीत बोर्ड लावून घेतला: 'लहानशी श्रद्धा, रोज एक पायरी.' गिऱ्हाइकं बिनदातांच्या तोंडानं तो वाचत बसायची. मोठमोठ्या खटाटोपानं माणूस वर जात नाही, रोज एक छोटीशी गोष्ट मनापासून केली की आपसूक जातो, असं अप्पांचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं ती केल्यामुळे आपण बरेच वर पोचलो आहोत, याबद्दलही त्यांना शंका नव्हती. तिथून त्यांना घरातले बाकीचे सगळे अगदी स्पष्ट दिसत.

"प्रत्येकानं खरं सांगायचं," अप्पा म्हणाले. "मी रागावणार नाही."

वरच्या मजल्याच्या वाटणीच्या वेळीही ते असंच म्हणाले होते आणि नंतर चार महिने थोरल्याशी बोलले नव्हते. त्यामुळे सगळे सावरून बसले.

"वाक्य म्हणता की नाही? थोरल्यापासून सुरुवात करू."

थोरला दातांच्या डॉक्टरांकडे फिरून कामं आणायचा. मेणाला हात लावून त्याला अकरा वर्षं झाली होती, पण श्रद्धेच्या बाबतीत तो कधी रजेवर नसे.

"मी तर गाडीतसुद्धा म्हणतो, अप्पा. सिग्नलला थांबलो की म्हणतो. शेजारच्या गाडीत जो कुणी असेल त्याच्यासाठीही म्हणतो."

"त्याला दात नसतात का?" आत्यांनी विचारलं.

आत्या म्हणजे अप्पांची मोठी बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीसाठी म्हणून सहा आठवड्यांपूर्वी आलेली. गुडघा केव्हाच बरा झाला होता, पण त्या जायचं नाव काढत नव्हत्या, कारण त्यांच्या मते इथे करमणूक चांगली होती.

"भावना महत्त्वाची, आत्या," थोरला म्हणाला.

"असेल बाबा. चालू द्या."

थोरल्याच्या बायकोनं पदर सारखा केला. या क्षणाची ती आठ दिवस वाट बघत होती. बाहेरच्या खोलीत, त्या बोर्डाखाली, गोल फिरणारी खुर्ची होती. ती खुर्ची, तो फोन आणि येणाऱ्याला "बसा" म्हणायचा अधिकार, सगळं तिचं होतं. कारखान्यात आपण मागे पडतो आहोत ही तिची जुनी खंत होती आणि पुढे असलेली बाई तिच्या समोरच बसली होती.

"मी कुणाचं नाव घेत नाही," ती म्हणाली. म्हणजे ती घेणार हे ठरलं. "पण माझी खुर्ची आतल्या दारासमोर आहे. कोण काय म्हणतं ते मला ऐकू येतं. आणि कोण काय म्हणत नाही, तेही ऐकू येतं."

धाकट्या मुलाला दरदरून घाम फुटला. उकळणं, घासणं आणि पॉलिश ही त्याची कामं. बाण आपल्यावरच आहे अशी त्याची खात्री झाली आणि कुणी बोट दाखवायच्या आतच तो कोसळला.

"मी रेकॉर्ड केलंय," तो म्हणाला.

"काय केलंय?"

"वाक्य. तुमच्या आवाजात, अप्पा. मागच्या वर्षी तुम्ही म्हणत होतात तेव्हा फोनवर घेतलं. एकदम बारा डबे असले की बटण दाबतो. तुमचा आवाज, म्हटलं माझ्यापेक्षा जास्त पोचेल."

थोरलीनं तोंडावर हात ठेवला. अप्पांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यात आणखी काहीतरी मिसळलं आणि लाली जरा उतरली.

"स्पष्ट आलाय का आवाज?" त्यांनी विचारलं.

"एकदम स्पष्ट."

"तरी चूकच ती. पुसून टाक." थोडं थांबून ते म्हणाले, "आधी मला ऐकव, मग पूस."

धाकट्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. आता सगळ्यांच्या नजरा त्याच्या बायकोकडे वळल्या. ती नखातलं गुलाबी मेण काडीनं काढत बसली होती. रविवारीही तिच्या नखांत मेण असे.

"सूनबाई?"

"मी म्हणत नाही," धाकटी म्हणाली.

"कधीपासून?"

"आल्यापासून. बारा वर्षं झाली."

धाकट्याची खुर्ची दोन बोटं बाजूला सरकली. आपण ती सरकवली हे त्याला नंतर कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली, पण खुर्ची परत आणायचं धाडस काही झालं नाही.

"बारा वर्षं!" अप्पांचा आवाज बसला. "आणि का म्हणे?"

"मला येत नाही तसं बोलायला. समोर कुणी नसताना काहीतरी मागायचं म्हणजे... खोटं खोटं वाटतं. म्हणून नाही म्हणत."

"मग बारा वर्षं लोकांनी चावलं कसं?" आत्यांनी विचारलं.

"माझ्यामुळे," अप्पा म्हणाले. "मी तिच्या वाटचंही म्हणत होतो. पण एकट्या माणसानं किती ओढायचं?" त्यांनी ट्रेकडे हात केला. "हा बघ परिणाम. सूनबाई, उद्यापासून मेणाच्या टेबलावर तू बसायचं नाहीस. बाहेर बस. फोन घे, कवळ्या खोक्यात घाल, पावत्या फाड. त्याला श्रद्धा लागत नाही."

धाकटीनं काडी खाली ठेवली.

खिडकीजवळचं ते टेबल तिनं कधी मागून घेतलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ती हात भाजून घेईल, सुरी लावून घेईल, असं सगळ्यांनी भाकीत केलं होतं. अप्पांनी कुणाचं ऐकलं नाही. स्वतःची सुरी तिच्या हातात दिली, स्पिरिटचा दिवा पुढे सरकवला आणि अठ्ठावीस दातांचा एकच संच तिच्याकडून वर्षभर लावून घेतला आणि उपटून घेतला. एकदाही ओरडले नाहीत. तिच्या सख्ख्या वडिलांनी जन्मात तिच्यासाठी एवढा वेळ काढला नव्हता. त्या टेबलाशिवाय ती या घरात फक्त धाकट्याची बायको उरणार होती आणि तेवढ्यावर भागणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं काडी पुन्हा उचलली आणि तिचे दोन तुकडे केले.

बोलली ती थोरली, आणि तिचं बोलणं ऐकून तिचा नवराही चमकला.

"अप्पा, इतकं कडक नको. बाहेर म्हणजे कुठे बाहेर?"

"तुझ्या खुर्चीवर. तू तिला मदत कर."

"मी मदत करू? माझ्या खुर्चीवर?" थोरलीच्या मनातली दया एकाएकी उफाळून आली. "बिचारीचा हात किती चांगला आहे! एखादा माणूस तोंडानं नाही म्हणत, मनातल्या मनात म्हणत असेल. काय गं? म्हणतेस ना मनातल्या मनात?"

"नाही, ताई," धाकटी म्हणाली.

"अगं, म्हण की हो!"

थोरल्याच्या डोक्यातही आता दिवा लागला होता. "अप्पा, मग दात लावणार कोण?"

"मी लावीन. नाहीतरी दाढा मीच लावतोय."

हे खरं होतं. पुढचे दात धाकटी लावायची, पण दाढा तिच्या हातून काढून अप्पांनी स्वतःकडे घेतल्या होत्या. चावणं शेवटी दाढांवर असतं आणि तिथे पूर्ण श्रद्धेचाच हात हवा, असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं.

"कधीपासून रे लावतोस?" आत्यांनी विचारलं.

"झाले चार महिने."

"आणि या परत यायला लागल्या त्या त्याआधी की त्यानंतर?"

थोरला छताकडे बघू लागला. थोरलीनं रुमालाची घडी सरळ केली. उत्तर सगळ्यांनाच आलं होतं. हे उत्तर थोरल्याला तर महिन्याभरापूर्वी एका डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, आणि ते ऐकून तो सिग्नलला जास्त वेळा वाक्य म्हणू लागला होता.

"चूक माझी आहे, आत्या," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "अप्पा दाढा नीट लावतात. मी संध्याकाळी नंतर हलवते. माझ्यामुळेच बिघडल्या. अप्पा म्हणतात ते बरोबर आहे, मी बाहेर बसते."

अप्पांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू माझ्या दाढा हलवतेस?"

"हो."

"चाळीस वर्षं दाढा लावणाऱ्या माणसाच्या?"

"हो, अप्पा. चुकलं."

तेवढ्यात खुर्ची फरशीवर करकरली. धाकट्याची खुर्ची जागेवर परत आली होती, उलट आधीपेक्षा दोन बोटं जवळच.

"खोटं बोलतेय ती," धाकटा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. या घरात आजवर त्याचं मत कुणी मागितलं नव्हतं आणि त्यानंही ते कुणाला दिलं नव्हतं. "हलवते हे खरंय. पण ती सरळ करते. उजवीकडच्या दाढा रोज उंच असतात, अप्पा. तोंड मिटलं की उजवी बाजू आधी टेकते आणि डावीकडे फट राहते. तुम्ही वर गेलात की ती खाली बसून त्या नीट करते. या सहांचे डबे तुम्ही दुपारीच बंद केलेत, ती पोचायच्या आत. म्हणून या सहाच आहेत. नाहीतर हा ट्रे पुरला नसता."

"तू गप्प बस," धाकटी पुटपुटली.

"गप्पच होतो इतके दिवस. आणि दुसरं सांगतो. ती वाक्य म्हणत नाही, पण कवळी गेली की आठवड्यानं प्रत्येकाला फोन करते. चावता येतंय का, विचारते. मास्तरांना तर तिनंच परत बोलावलं." त्यानं ट्रेमधल्या तिसऱ्या कवळीकडे बोट केलं. निवृत्त मास्तरांची ती. "ते म्हणाले, चालेल, मी पेज पिऊन राहीन, तुमच्या सासऱ्यांना उगीच वाईट वाटायला नको. ही म्हणाली, पेज पिऊन राहायचं तर दात कशाला केले?"

"बारा वर्षं फोन?" आत्यांनी विचारलं.

"हो, आत्या," धाकटी म्हणाली. "विचारल्याशिवाय कळणार कसं?"

आत्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी गुडघा चोळला. "बाळ्या, तुला आपल्या बाबांची सायकल आठवते का रे?"

सत्तरीतल्या माणसाला भर बैठकीत बाळ्या म्हटलेलं आवडत नाही. अप्पा नुसतेच हुंकारले.

"बाबा ते वाक्य का म्हणायचे, ठाऊक आहे? भीतीनं. काम कुणी नीट शिकवलेलं नव्हतं. आपण केलेले दात कुणाच्या तोंडात जाणार म्हटलं की त्यांना झोप लागायची नाही. वाक्य म्हणायचे, डबा बंद करायचे, आणि आठवड्यानं सायकल काढून त्या माणसाच्या घरी जाऊन बसायचे. तो जेवेपर्यंत उठायचे नाहीत. लोक वैतागायचे. मी मागे बसून जायची, मला पाठ आहे सगळं. याला चावता येऊ दे म्हणायचं, आणि मग येतंय का ते बघायला जायचं. तू पहिलं तेवढं उचललंस. दुसऱ्यात दमायला होतं."

"आत्या, तरी त्या छोट्याशा कृतीमागची जी भावना..." थोरल्यानं सुरुवात केली.

"तू बोर्ड पूस जा."

थोरला बसला.

आत्यांनी चहाबरोबर आलेली टोस्टची ताटली उचलून भावाच्या पुढ्यात ठेवली. "घे. खा एक."

"भूक नाही."

"चहात न बुडवता खा. सहा आठवडे मी इथे आहे. तुला चावताना मी एकदाही पाहिलेलं नाही. सूप पितोस, भात गिळतोस, सफरचंद दिलं तर म्हणतोस, नंतर. तुझी स्वतःची नवी कवळी कधी केलीस?"

अप्पांनी टोस्टकडे पाहिलं. तो चांगला खरपूस होता.

दोन महिन्यांपूर्वी केली होती. कुणाला हात लावू दिला नव्हता. माप स्वतः घेतलं, आरशात बघून. दाढा स्वतः लावल्या. वाक्य एकदा नव्हे, तीनदा म्हटलं, आणि "याला" म्हणायचं की "मला" यावर बराच विचार करून "याला"च म्हटलं, कारण स्वतःसाठी मागणं त्यांच्या पायरीला शोभत नव्हतं. पहिल्याच घासाला उजवीकडे कळ गेली. आपली परीक्षा चालू आहे, असं त्यांनी ठरवलं. हिरडी सोलवटली तेव्हा परीक्षा अवघड होत चालली आहे, असं ठरवलं. पुढे सगळ्यांच्याच कवळ्या परत येऊ लागल्या तेव्हा घरात कुणीतरी पापी आहे, असं ठरवलं. ठरवायचं एकच राहिलं होतं. उजव्या डोळ्यापुढे चार महिन्यांपासून दुधाळ पडदा होता. तो आला म्हणूनच त्यांनी दाढा हातात घेतल्या होत्या. आपल्याला दिसतं, हे स्वतःला दाखवायला.

हे त्यांना आज कळलं असं नाही. पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण मेणाचं टेबल सोडलेला कवळीवाला म्हणजे कोण, या प्रश्नापुढे त्यांचं डोकं चालायचं थांबे. आणि तोच प्रश्न मघाशी त्यांनी सुनेच्या अंगावर टाकला होता, आणि त्या मूर्ख पोरीनं तो झेलून घेतला होता, त्यांची अब्रू राहावी म्हणून. हे मात्र त्यांना आत्ता, या क्षणी कळलं, आणि ते चांगलंच लागलं.

त्यांनी तोंडाकडे हात नेला. खालची कवळी काढली, मग वरची. बायको गेल्यापासून त्यांना बिनदातांचं कुणी पाहिलं नव्हतं. न्हाणीघराची कडी लावून ते दात धूत. आता दोन सुना, दोन मुलगे आणि एक खवचट बहीण यांच्यासमोर त्यांचे गाल आत गेले, हनुवटी वर आली, आणि इस्त्रीच्या शर्टावर एक भलताच म्हातारा माणूस दिसू लागला. त्यांनी कवळी रुमालावर ठेवली. सहाच्या सात झाल्या.

थोरल्याचे डोळे भरून आले. "अप्पांनी आज अहंकार काढून ठेवला," तो गदगदून म्हणाला.

"कवळी काढलीये," आत्या म्हणाल्या. "तू गप्प बस."

"उजव्या डोळ्यानं नीट दिसत नाही," अप्पा म्हणाले. शब्द ओठांतून फसफसत आले, पण सगळ्यांना समजले. थोरलीच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. ते कशासाठी वापरावं हे तिला सुचेना, म्हणून तिनं उठून ट्रेमधल्या कवळ्या जरा सरळ केल्या. अप्पा धाकटीकडे वळले. "माझी करशील?"

धाकटीनं त्यांची कवळी रुमालावरून उचलून उजेडात धरली. "डोळ्याचं ऑपरेशन आधी," ती म्हणाली.

"ते करू. आधी ही कर."

सगळी वरात जिना उतरून कारखान्यात आली. रविवार म्हणून गॅस बंद होता, उकळायची भांडी पालथी घातलेली होती. धाकट्यानं खिडकी उघडली. अप्पा नेहमीच्या सवयीनं मेणाच्या टेबलामागच्या स्टुलाकडे निघाले, मध्येच थांबले, आणि वळून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीचा एक हात मोडलेला आहे हे त्यांना पहिल्यांदाच समजलं.

धाकटीनं रबरी वाटीत मापाची पावडर घेतली, पाणी ओतलं आणि भराभर घोटायला लागली.

"पाणी कोमट नाही ना?" अप्पा म्हणाले. "कोमट असलं तर हातातच घट्ट होईल. गार घे. आणि वाटीच्या कडेला दाबून घोट, बुडबुडे राहतात. मापाचा ट्रे मोठा नको, दोन नंबरचा घे. मागे जास्त भरू नकोस, घशात उतरतं. माझी डावी बाजू खोल आहे, तिथे बोटानं..."

"हो, अप्पा."

"आणि डबा बंद करताना." ते घुटमळले. "वाक्य म्हणशील ना?"

दारात गर्दी करून उभे असलेले सगळे तिच्याकडे बघू लागले. म्हणाली असती तर काय बिघडत होतं? थोरलीनं तर मान हलवून तिला खूणसुद्धा केली.

"नाही, अप्पा," धाकटी म्हणाली. "आठवड्यानं तुम्हाला विचारीन. नाही चावता आलं तर पुन्हा करू."

"आणि पुन्हाही नाही आलं तर?"

"तर आणखी एकदा करू. मी काय कुठे जातेय?"

अप्पा यावर बरंच काही बोलू शकले असते. श्रद्धेविषयी त्यांच्याकडे चाळीस वर्षांचा साठा होता. समोर भरलेला ट्रे होता, तो धरलेला हात होता, नखांत मेण होतं. पावडर घट्ट व्हायला दीड मिनिटही लागत नाही, हे त्या दोघांनाच माहीत होतं.

"आ करा, अप्पा."

त्यांनी खुर्चीच्या मोडक्या हातावर हात ठेवला, मान मागे टेकवली आणि आ केला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते बोलत नव्हते.